वाट पाहण्याचा रकाना

त्या हिवाळ्यात माझा दिवस पहाटे साडेपाचला सुरू व्हायचा, कारण तेव्हा बेटावर साडेनऊ वाजलेले असायचे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप, कानाला हेडफोन, शेजारी चहाचा मग आणि खिडकीबाहेर मिट्ट काळोख. पहिला फोन लावण्याआधी मी फॉर्म उघडून ठेवायचे. गेल्या आठवड्यात नळाला पाणी किती दिवस आलं? आलं त्या दिवशी किती तास होतं? वीज किती वेळा गेली? कचऱ्याची गाडी आली का? तक्रारीच्या नंबरवर फोन केला होता का, आणि केला असेल तर कुणी उचलला का? बावीस घरं माझ्या वाट्याला होती. प्रत्येक घराला पंधरा दिवसांतून एकदा हेच सगळं विचारायचं होतं.

जर्मनीत एश्बॉर्नमधल्या एका लहान सल्लागार कंपनीत मला नुकतीच नोकरी लागली होती. काम हिंदी महासागरातल्या एका छोट्या बेटदेशाचं. तिथल्या राजधानीत पाणी, वीज आणि कचरा या तीन सरकारी सेवा घराघरात खरोखर कशा पोचतात, हे शोधायचं होतं. तिथं नदी नाही, धरण नाही. समुद्राचं पाणी यंत्रातून गोडं करून नळाला सोडतात. ते यंत्र डिझेलवर तयार होणाऱ्या विजेवर चालतं आणि डिझेल बोटीनं येतं. बोट उशिरा आली की वीज जाते, आणि वीज गेली की पाणीही जातं.

ही नोकरी मला मिळाली त्यात माझ्या बाबांचा हात होता असं मी अजूनही मानते. बाबा नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या नगरपालिकेत व्हॉल्व्हमन होते. खांद्यावर लोखंडी चावी टाकून सायकलवरून फिरायचं आणि एकेका गल्लीचं पाणी सोडायचं, बंद करायचं. आमच्या गावाला दहा-बारा दिवसांनी पाणी यायचं. मुलाखतीत हे सांगितल्यावर शेफनं हातातलं पेन खाली ठेवलं आणि उरलेला वेळ तो फक्त बाबांबद्दलच विचारत राहिला. शेफ म्हणजे आमचा प्रकल्पप्रमुख. पंचावन्न-साठीचा, उंच, हळू बोलणारा जर्मन माणूस. पाण्याच्या कामासाठी निम्मं जग फिरलेला.

ठरलं असं होतं की ऑक्टोबरमध्ये त्याच्याबरोबर मीही बेटावर जायचं आणि महिनाभर घरोघरी हिंडायचं. मी हलक्या सुती कपड्यांची बॅगसुद्धा भरली होती. तेवढ्यात तो कागद आला.

माझं विद्यार्थी म्हणून दिलेलं, देशात राहायच्या परवान्याचं कार्ड संपत आलं होतं. मुदत संपायच्या आधी मी आउसलेंडरबेहोर्डच्या, म्हणजे परदेशी लोकांची कागदपत्रं बघणाऱ्या ऑफिसच्या पोर्टलवर नोकरीच्या कार्डासाठी अर्ज केला होता. नवीन कार्ड यायला महिने लागतात, म्हणून मधल्या काळासाठी ते एक तात्पुरता घडीचा कागद देतात. त्या कागदावर तीन लहान चौकोन असतात. तिसऱ्यात खूण असली की तुमचे जुने सगळे हक्क चालू राहतात, प्रवासाचाही. पहिल्यात खूण असली तर तुम्ही देशात राहू शकता, पण एकदा बाहेर पाऊल टाकलं की त्या कागदावर परत येता येत नाही. माझी खूण पहिल्यात होती. खाली काम करायला परवानगी असल्याचा शिक्का होता. बस्स, इतकंच.

शेफला दाखवला तेव्हा त्यानं चष्मा कपाळावर सरकवून तो कागद दोनदा वाचला.

"तू त्यांना विचारलंस का, पहिला चौकोन का म्हणून?"

"मेल केलाय," मी म्हणाले.

ते खरं होतं. मेल केला होता आणि त्याला आपोआप येणारं उत्तर आलं होतं : तुमचा संदेश मिळाला, कृपया पुन्हा लिहू नका, त्यानं कामाला आणखी उशीर होतो. मग मी पुन्हा लिहिलं नाही. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. प्रश्न विचारला तर कुणीतरी माझी फाईल बाहेर काढेल, आणखी काहीतरी चूक सापडेल आणि आहे तोही कागद जाईल, असं वाटायचं. इथं शिकायला आलेल्या आमच्या सगळ्यांच्याच मनात ही भीती असते. बोलत कुणी नाही.

"आल्झो, बरं तर," शेफ म्हणाला, "मग तू फोनवरून कर. वाईट नाही ते."

त्याप्रमाणे तो एकटा गेला, बावीस घरांचे नंबर आणि त्यांची संमती घेऊन आला आणि मला दिले.

माझा नवरा तेव्हा वोल्फ्सबुर्गला गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर होता. शुक्रवारी रात्री यायचा, रविवारी दुपारी जायचा. मी एश्बॉर्नच्या पुढे काही स्टेशनांवरच्या एका लहान गावात तिसऱ्या मजल्यावर राहायचे. दीड खोली, खिडकीसमोर पार्किंग आणि त्याच्या पलीकडे बीटाची शेतं. लग्नाला दीड वर्ष झालं होतं, आणि एकत्र राहावं म्हणून मी त्याच्याकडे जाऊन तिथूनच काम करायचं, अशी आमची बोलणी चालली होती.

"पत्ता बदललास तर फाईल तिकडच्या ऑफिसला जाईल," एका शनिवारी तो कांदा चिरता चिरता म्हणाला. "आणि तिथं पहिल्यापासून सुरू. मी दोघांना विचारलंय. एकाची फाईल पाच महिने वाटेतच होती."

"म्हणजे मी इथून हलायचं नाही."

"कार्ड येईपर्यंत नाही."

"नोकरी बदलायची नाही, घर बदलायचं नाही, देशाबाहेर जायचं नाही."

"काही महिन्यांचाच प्रश्न आहे गं."

तो चुकीचं बोलत नव्हता. पण रविवारी तो गेला की त्या दीड खोलीचं दार लावताना मला कुणीतरी ते बाहेरून लावतंय असं वाटायचं. आठवड्यातून एकदा एश्बॉर्नच्या ऑफिसात जायचं, बाकी दिवस घरूनच फोन. पोस्टमन साधारण अकराला यायचा. दहापासून माझे कान जिन्याकडे असायचे, कारण कार्डाच्या ऑफिसचं पत्र पोस्टानंच येणार होतं, आणि टर्मिनचं, म्हणजे भेटीच्या वेळेचं, पत्र हुकलं तर पुढची वेळ कधी मिळेल सांगता येत नाही, असं सगळे म्हणायचे. मी दुकानातसुद्धा पोस्टमन येऊन गेल्यावरच जायचे.

बावीस घरांपैकी एक घर दीदींचं होतं. पन्नाशी ओलांडलेली बाई, एकटी राहणारी. मुलगा दूरच्या एका बेटावर हॉटेलात कामाला, महिन्यातून एकदा घरी यायचा. पहिल्या फोनवर मी इंग्रजीत सुरुवात केली तर त्यांनी मध्येच थांबवलं आणि विचारलं, "तू इंडियाची ना? मग हिंदीत बोल की." टीव्हीवरच्या मालिका बघून त्या हिंदी शिकल्या होत्या. त्यामुळे त्यांची हिंदी जरा नाटकी होती, पण स्वच्छ होती. "मला दीदी म्हण," त्या म्हणाल्या, "सीरियलमध्ये म्हणतात तसं."

"दीदी, गेल्या आठवड्यात पाणी किती दिवस आलं?"

"तीन."

"आलं त्या दिवशी किती तास?"

"एक तास. कधी सव्वा. पण त्या एका तासासाठी मी दोन दिवस बसते, ते लिहिलंस का?"

मी फॉर्मकडे बघितलं. तिथं 'तास' असा एकच रकाना होता. मी त्यात एक लिहिलं.

पुढच्या फोनला मी त्यांना नीट विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं. नळाला पाणी येतं, पण त्याला जोर नसतो. ते गच्चीवरच्या टाकीत चढवायला खाली पंप लावावा लागतो, आणि तो हातानंच चालू करावा लागतो, कारण कोरडा चालला तर जळतो. पाणी कधी सकाळी सातला येतं, कधी दुपारी दोनला. पाणी आलं आणि नेमकी वीज गेली तर पंप चालत नाही, मग अंगणातल्या नळाखाली पिंप आणि बादल्या लावायच्या. थोडक्यात, दिवसभर घरात कुणीतरी हवं. त्या घरात त्या एकट्याच.

"शेजारची कुणी भरणार नाही का?"

"भरते ना. एकदा भरते. दुसऱ्यांदा विचारते, परत कधी येणार? तिसऱ्यांदा मीच विचारत नाही."

त्यांची धाकटी बहीण बोटीनं दोन तासांवरच्या बेटावर राहायची. जायला एक दिवस, राहायला एक, यायला एक. दोन वर्षांत दीदी गेल्या नव्हत्या.

डिसेंबरच्या सुरुवातीला आईचा फोन आला. बाबा बाथरूममध्ये पडले होते, खुब्याचं हाड मोडलं होतं, नाशिकला ऑपरेशन होणार होतं. आई शांतपणे बोलत होती, आणि ती शांत बोलते तेव्हा ती फार घाबरलेली असते हे मला माहीत आहे. मी एकुलती एक. त्यांच्याजवळ चुलतभाऊ होता, त्यानं सगळी धावपळ केली.

मी तिकीट बघितलं. ते मिळत होतं. नवऱ्याला फोन केला.

"जा," तो आधी म्हणाला. मग म्हणाला, "पण जाताना हे धरून जा की परत यायला नवीन व्हिसा लागेल. त्याची टर्मिन मिळायलाच तीन-चार महिने. तोवर कंपनी थांबेल का, ते विचार."

"तू काय केलं असतंस?"

"मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "खरंच नाही."

मी बाबांशी बोलले. त्यांना त्याच संध्याकाळी आत नेणार होते.

"बाबा, मी येते."

"कशाला? इथं येऊन तू काय हाड जोडणार आहेस?"

"तुम्हाला बरं वाटेल."

"तुझी नोकरी गेली तर मला बरं वाटणार नाही. येऊ नकोस. आणि आईला सांग, रडू नकोस म्हणावं, नर्स बघतायत."

मी गेले नाही. ऑपरेशन चाललं होतं त्या चार तासांत मी फरशी पुसली, खिडक्या पुसल्या, ओव्हन घासला. चुलतभावाचा मेसेज आला, झालं, बाबा शुद्धीवर आहेत. तेव्हा मी जमिनीवर बसले आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. बाबा बरे होते याचा आनंद झालाच, पण त्याहून जास्त मला स्वतःची लाज वाटत होती. एका चौकोनातल्या खुणेला घाबरून मी बापाच्या ऑपरेशनला गेले नाही, हे वाक्य डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी पहाटे यादीत दीदींचं नाव होतं. मी प्रश्न सुरू केले आणि दुसऱ्याच प्रश्नावर त्यांनी विचारलं, "तुझ्या आवाजाला काय झालंय?"

अशा वेळी घरच्या गोष्टी सांगायच्या नसतात, तसा कंपनीचा नियम होता. पण मी सांगितलं. बाबा, कागद, चौकोन, पोस्टमन, सगळं. शेवटी म्हणाले, "मीसुद्धा तुमच्यासारखीच अडकलेय, दीदी."

पलीकडे बादली सरकवल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, "तुझ्या नळाला पाणी येतं?"

"हो."

"दिवसभर?"

"चोवीस तास."

"मग तू घराबाहेर तरी पडू शकतेस. आता नळ वाजायला लागला माझा, ठेवते."

मला राग आला. माझ्या दुःखाची त्यांनी किंमतच केली नाही असं वाटलं. पण दुपारी मी जाकीट चढवलं आणि बाहेर पडले. बीटाची काढणी झालेली शेतं चिखलानं काळी झाली होती, आणि त्या कडेनं एक सायकलची वाट लांबवर जात होती. दीड तास चालले. परत आले तेव्हा पोस्टाच्या पेटीत पिझ्झाच्या दुकानाची जाहिरात होती. त्या दिवशी बरं वाटलं असं नाही, पण पोस्टमनसाठी घरात बसून राहणं मात्र मी त्या दिवसापासून सोडलं.

बाबा घरी आले. दीड महिना पलंगावर पडून राहायचं होतं, त्यामुळे ते रोज फोनवर असायचे. आयुष्यात कधी बोलले नव्हते इतके त्या दिवसांत ते माझ्याशी बोलले. एकदा मी त्यांना दीदींचं सांगितलं.

"पाणी कधी येणार ते सांगत का नाहीत त्यांना?" बाबांनी विचारलं.

"माहीत नाही म्हणतात. यंत्र, डिझेल, वीज, काही ठरलेलं नसतं."

"सोडणाऱ्याला माहीत असतं," बाबा म्हणाले. "आदल्या संध्याकाळी टाकी किती भरली ते बघितलं की अंदाज येतो. मला यायचा. मी आपल्या घराच्या भिंतीवर खडूनं लिहायचो ना, उद्या पाच वाजता अमुक गल्ली, सात वाजता तमुक. साहेबांनी मना केलं होतं."

"का?"

"सांगितलं आणि आलं नाही, तर लोक विचारायला येतात. न सांगितलेलं बरं, कुणी विचारत नाही. एकदा मोटार जळली, पाणी आलंच नाही, तर बायका रिकामे हंडे घेऊन आपल्या दारात. तू लहान होतीस, आतल्या खोलीत लपलीस."

"तरी तुम्ही लिहिणं बंद केलं नाहीत."

"नाही केलं. नाहीतर मग त्या बायकांनी दोन-दोन दिवस घरात बसायचं का?"

मला ती भिंत आठवत होती. बाबा झोपलेले असले की दार वाजायचं, कुणीतरी आत डोकावून विचारायचं, आणि मी सांगायचे, भिंतीवर लिहिलंय, वाचा. त्यामागे साहेबांचा विरोध पत्करलेला होता हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी ऑफिसात मी शेफला म्हणाले, फॉर्ममध्ये एक रकाना वाढवायचा आहे. पाण्याची वाट बघण्यात किती तास घरात बसावं लागलं.

"हो, चांगला प्रश्न आहे," तो म्हणाला, "पण मध्येच फॉर्म बदलता येत नाही. पहिल्या फेऱ्यांशी तुलना कशी करणार? आणि करारात ते नाहीच. करारात सेवा मोजायची आहे."

"वाट बघणं सेवेत येत नाही का?"

"येतं. पण करारात नाही."

मी वाद घातला नाही. फॉर्मच्या तळाशी 'इतर शेरा' अशी एक मोकळी जागा होती. तिथं मी बाविसाच्या बावीस घरांत विचारून लिहायला लागले. चार फेऱ्या झाल्या. सगळीकडे थोड्याफार फरकानं तेच होतं. एका घरात शाळेतल्या मुलीला आळीपाळीनं घरी ठेवत होते. एका घरातल्या बाईनं शिवणाचा वर्ग सोडला होता. एक म्हातारे गृहस्थ दर शुक्रवारी मशिदीतून निम्म्यात परत यायचे. पाणी एक तास, सव्वा तास, दीड तास. वाट बघणं आठ तास, दहा तास, कधी सलग दोन दिवस.

फेब्रुवारीच्या शेवटी अहवालाच्या बैठकीत मी ते सगळं एका पानावर छापून शेफसमोर ठेवलं. सांगितलं होतं नको म्हणून, तरी केलं, असंही कबूल केलं. त्यानं पान वाचलं, उलटं करून मागे काही आहे का ते बघितलं आणि परत वाचलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," तो हळूच म्हणाला. "तीस वर्षं मी फक्त नळाकडेच बघतोय."

मार्चमध्ये तो पुन्हा बेटावर गेला. मी अर्थातच इथंच. तिथल्या पाणी खात्यातल्या इंजिनियर बाईला त्यानं ते पान दाखवलं. पाणी वाढवणं आमच्या हातात नाही, ती म्हणाली, आणि ते खरंही होतं. शेफनं विचारलं, पण सांगणं? त्यावर तिनं व्हॉल्व्ह उघडणाऱ्या माणसाला बोलावलं. त्याच्या खिशात एक मळकी वही निघाली, उद्या कुठल्या भागाला केव्हा सोडायचं ते रोज संध्याकाळी तो त्यात लिहायचा. आजवर ती वही कुणी मागितली नव्हती.

हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते वॉकर धरून उभे राहायला शिकत होते. "मी म्हटलं नव्हतं?" एवढंच ते म्हणाले, आणि आईला हाक मारून सगळं पुन्हा एकदा मला सांगायला लावलं.

दीदींच्या भागात आदल्या संध्याकाळी मोबाईलवर मेसेज पाठवायचं असं ठरलं. पहिले तीन आठवडे वाईट गेले. "सात म्हणून मेसेज आला, पाणी आलं अकराला," दीदी म्हणाल्या. "त्यापेक्षा आधी बरं होतं, आशा तरी नव्हती." मी ते जसंच्या तसं लिहून पाठवलं. एप्रिलमध्ये वेळ जुळायला लागली. अगदी नाही, पण तासाभराच्या फरकानं.

मेच्या मध्यावर एका पहाटे मी दीदींना फोन लावला, तर उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. असं कधीच झालं नव्हतं. एकटी बाई, घरात पंप, ओली जमीन, माझ्या मनात नको ते यायला लागलं. तिसऱ्या दिवशी फोन उचलला तर मागे कोंबड्या ओरडत होत्या आणि दोन-तीन बायका एकदम बोलत होत्या.

"दीदी, कुठे आहात?"

"बहिणीकडे."

"आणि पाणी?"

"आज येणार, असा काल मेसेज आला होता, आता पुढचं गुरुवारी. आजचं चुकलं तर चुकलं, गुरुवारच्या आधी पोचते मी." मागून कुणीतरी त्यांना हाक मारली. "हे बघ, आज फॉर्म नको. मी घरी नाही. घरी नसलेल्या माणसाला कसले प्रश्न विचारतेस?"

फोन ठेवल्यावर मी त्या दिवसाच्या रकान्यात 'घरी नाही' असं लिहिलं. त्या सबंध वर्षात मला इतका आनंद दुसऱ्या कशानं झाला असेल असं वाटत नाही. आणि तरीही खिडकीजवळ उभी राहून पार्किंगकडे बघताना मनाच्या तळाशी थोडा मत्सर होता, तो नव्हता असं मी म्हणणार नाही.

माझं टर्मिनचं पत्र जूनमध्ये आलं, तारीख जुलैची. नवरा रजा काढून बरोबर आला. टेबलापलीकडे एक तरुण बाई होती, केस घट्ट बांधलेले, बोलणं नम्र. तिनं माझी फाईल पडद्यावर उघडली, माझा घडीचा कागद हातात घेतला आणि भुवया उंचावल्या.

"तुमचा अर्ज जुन्या कार्डाची मुदत संपायच्या आधी आलेला आहे," ती म्हणाली.

"हो. पावतीचा मेल आहे माझ्याकडे."

"मग इथं तिसऱ्या चौकोनात खूण हवी होती. कुणीतरी अर्जाची तारीख न धरता छपाईची तारीख धरलेली दिसते." तिनं कागद खाली ठेवला. "आता काही फरक पडत नाही, तुमचं कार्ड तयार आहे. पण तुम्ही प्रवास करू शकत होतात."

"ऑक्टोबरपासून?"

"हो. ऑक्टोबरपासून. तुम्ही विचारायला हवं होतं."

चौकोनाबद्दल मी मेल केला होता, ते मी तिला सांगितलं नाही. नवऱ्यानं टेबलाखाली माझा हात धरला होता, तो इतका घट्ट की अंगठी रुतत होती. मी सही केली, कार्ड घेतलं, आभार मानले. बाहेर येऊन आम्ही एका बाकावर बसलो. समोर ट्राम थांबत होती आणि जात होती.

"ओरड तरी," नवरा म्हणाला.

"कुणावर?" मी विचारलं.

 ती पावती नऊ महिने माझ्याच फोनमध्ये होती. तारीख मला पाठ होती. तीन चौकोनांचे अर्थ मी इंटरनेटवर इतक्यांदा वाचले होते की माझा चौकोन चुकीचा आहे हे मला कळायला हवं होतं. कदाचित कळलंही होतं. पुन्हा विचारायची हिंमत झाली नव्हती. ही गोष्ट मी नंतर आईबाबांना सांगितली नाही, आजवर नाही. कार्ड आलं, एवढंच सांगितलं.

ऑगस्टमध्ये तीन आठवडे गावी गेले. बाबा काठी घेऊन चालत होते, डाव्या पायानं जरा लंगडत. मी त्यांच्यासाठी जर्मनीहून चांगली रबरी बूड असलेली काठी नेली होती, ती त्यांनी कपाटात ठेवून दिली आणि जुनीच वापरली. स्टेशनवर मला आणायला ते चुलतभावाच्या गाडीत बसून आले होते. मी वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. डिसेंबरचा विषय दोघांनीही काढला नाही. रोज संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत जायचे. कधी कधी माझ्या मनात यायचं की आता सांगून टाकावं. पण ते पावलं मोजत असायचे, आणि मी त्यांच्याबरोबर मोजू लागायचे.

मी परत आले तोवर प्रकल्प संपत आला होता. शेवटची फेरी सप्टेंबरात होती. कार्ड हातात असून बेटावर जायचं कारण उरलं नव्हतं, तिथं जायला पुढचे पैसे मंजूर झाले नव्हते. वोल्फ्सबुर्गचं मात्र ठरलं, महिन्याच्या अखेरीला मी घर सोडणार होते.

दीदींना मी शेवटच्या दिवशी फोन केला. आठवड्यात तीन दिवस पाणी, सव्वा तास. वीज दोनदा गेली. कचऱ्याची गाडी आली. मेसेज आले, एक चुकला.

"पुढच्या वेळी सांगते, नवीन पंप घ्यायचा म्हणतोय मुलगा," त्या म्हणाल्या.

"दीदी, आता पुढची वेळ नाही. काम संपलं."

"म्हणजे आता कुणी विचारणार नाही?"

"नाही. पण मेसेज चालू राहील असं खात्यानं सांगितलंय."

"मेसेज येईल गं," त्या म्हणाल्या. "पण नाही आला तर कुणाला सांगू?"

तक्रारीचा नंबर त्यांना माहीत होता. तो कुणी उचलत नाही हे आम्हा दोघींनाही माहीत होतं, पंधरा-पंधरा दिवसांनी मीच ते लिहून घेत आले होते. मी म्हणाले की शेफला सांगून ठेवते, तो तिथल्या इंजिनियर बाईंना कळवेल. त्या 'बरं' म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या बाबांच्या पायाची चौकशी केली. मी सांगितलं, चालतात, काठीनं. "तू गेलीस ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले.

घरांचे नंबर आणि नावं काम संपल्यावर पुसून टाकायची, असं संमतीपत्रात लिहिलेलं होतं. शुक्रवारी दुपारी मी एश्बॉर्नच्या ऑफिसात बसून ती यादी पुसली आणि शेफच्या समोर त्याच्या कागदावर सही केली. दीदींचा नंबर मला पाठ होता. तो अजूनही पाठ आहे. मी कधी लावलेला नाही.